मिळवायला आलेलं गिऱ्हाईक, जपायला आलेलं गिऱ्हाईक

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून आला आहे. विचारणारा तरुण सोलर हीटर आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचं दुकान चालवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मी सगळ्यांना तीच माहिती देतो. एकजण पत्रकावरचा फोटो बघतो आणि चहा संपायच्या आत ॲडव्हान्स देऊन जातो. दुसरा तासभर बसतो, शंभर प्रश्न विचारतो, 'घरात विचारून सांगतो' म्हणतो आणि परत येत नाही. म्हणून मी पत्रकात सगळंच घातलं, सोळा मुद्दे. तर आता फोटो बघून येणारेही कमी झाले. माणसं माहिती वाचतात तरी कशी?"

मी बेळगावात जाहिरातीचं काम करतो. पत्रकं, फलक, वर्तमानपत्रातल्या चौकटी आणि काउंटरवरच्या पोरांना बोलायला शिकवणं, हे रोजचं. तेव्हा उत्तर दुकानाच्या बाजूनेच देतो, शास्त्र लागेल तिथे घेतो.

तुमचं पत्रक बघितलं. छपाई चांगली, भाषा स्वच्छ, खोटं काही नाही. पण पहिल्या ओळीत 'पहाटे नळ सोडला की कडकडीत पाणी', दुसरीत 'टाकीला गंज नाही', तिसरीत 'घराची शान वाढवा', चौथीत '५ वर्षांची वॉरंटी', आणि असंच खाली सोळापर्यंत. ह्या ओळी दोन वेगळ्या मनांसाठी आहेत. ती दोन्ही मनं एकमेकांच्या ओळींवरून नुसती नजर फिरवतात, आणि दुसऱ्याच्या ओळींच्या गर्दीत आपली ओळ त्यांना सापडतच नाही.

एक मन काहीतरी मिळवायला आलेलं असतं, दुसरं आहे ते जपायला. कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९९७ मध्ये ह्याची नीट मांडणी केली. त्यांच्या सिद्धांताला 'रेग्युलेटरी फोकस' म्हणतात. मिळवण्याच्या कलाला 'प्रमोशन' आणि जपण्याच्या कलाला 'प्रिव्हेन्शन'. पोरांना शिकवताना मी मिळवणं आणि जपणं एवढंच सांगतो, त्यांना ते पुरतं.

ह्याचा अर्थ एक लोभी आणि एक भित्रा असा लावू नका. दोघांनाही चांगलंच हवं असतं. फरक कळायचा असेल तर काम झाल्यावर तोंड बघा. मिळवायला आलेल्याचं जमलं की तो खूश होतो, नाही जमलं की हिरमुसतो. जपायला आलेल्याचं जमलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, नाही जमलं की टांगणीला लागतो. हिगिन्सच्या मांडणीत भावनांचा हा फरक अगदी मुळाशी आहे. दुकानदाराला तो फुकटात मिळणारा पुरावा आहे. मागच्या वर्षी हीटर घेऊन गेलेलं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं आणि म्हणालं, "झकास चाललाय हो", तर ते पहिल्या जातीचं. "अजून तरी काही तक्रार नाही बघा" म्हणालं, तर दुसऱ्या. दोघंही तुमचं कौतुकच करताहेत.

आता माहिती वाचण्याचं बघू. खडेबाजारात लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेली बाई डोळ्यांसमोर आणा. साडी उलगडली की ती हात लांब करून बघते, पदर लेकीच्या खांद्यावर टाकते आणि दोन पावलं मागे सरते. मांडवात लेक कशी दिसेल ते ती बघत असते. रंग, काठ, अंगावरचे दागिने, जावयाकडची माणसं काय म्हणतील, सगळं एका नजरेत. "ह्यातच जांभळा हाय काय? आणि तो मोरपंखी काढा की." गादीवर साड्यांचा ढीग वाढतो आणि बाईचा उत्साहही. मधेच दुकानातल्या पोराने "धुवायची कशी सांगतो" असं सुरू केलं, तर ती ऐकल्यासारखं करते आणि पुढच्या साडीकडे बोट दाखवते.

तीच बाई तासाभराने गणपत गल्लीत मिक्सर घ्यायला जाते, कारण घरातला जळालाय. इथे ती यंत्र उचलून आधी उलटं करते. बुडाचे रबरी पाय दाबून बघते. जारचं झाकण लावून काढते, आतल्या वायसरला नख लावते. "हे कपलर तुटलं तर हितंच मिळतं काय? का हुबळीला जायला लागतंय?" पोरगा सांगत असतो की नवीन मॉडेल आहे, पाच रंगांत येतं. बाईचं लक्ष नाही. तिला वॉरंटी कार्डावर शिक्का कुठे मारणार ते बघायचं आहे.

बाई तीच, दिवस तोच, पर्सही तीच. बदललंय ते कशासाठी आलो हे. त्यावरून तिने कुठली माहिती आत घेतली आणि कुठली बाहेरच ठेवली, हे ठरलं.

इथे तीन-चार गोष्टी एकदम बदलतात. काय दिसतं, ही त्यातली सोपी. मिळवणाऱ्याला देखणेपणा, नवेपणा, जास्तीची सोय दिसते. जपणाऱ्याला टिकाऊपणा, सुटे भाग, दुरुस्ती. एवढं कुठल्याही जुन्या दुकानदाराला ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवत नाही.

कमी ठाऊक असतं ते हे की मिळालेली माहिती दोघं वेगवेगळ्या रीतीने मांडतात. झू आणि मायर्स-लेव्ही ह्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मिळवण्याच्या मनःस्थितीतला माणूस सुट्या सुट्या गोष्टींत नातं जोडत जातो, त्यांतून एक चित्र तयार करतो. जपण्याच्या मनःस्थितीतला माणूस एकेक बाब वेगळी काढतो, ती नेमकी काय आहे ते तपासतो आणि मगच पुढच्या बाबीकडे जातो. तुमच्या सोळा मुद्द्यांचं इथेच बिनसलं. पहिल्याला सोळांतून चित्र जुळवायचं होतं, पण गंज, गळती आणि वॉरंटीच्या अटींनी ते मोडलं. दुसऱ्याला एकेक मुद्दा तपासायचा होता, पण 'उत्तम दर्जाची टाकी' ह्या ओळीत तपासण्यासारखं आहे काय? पत्रा कुठला, जाडी किती, आतून लेप कशाचा, हे असतं तर तो थांबला असता. मुद्दे सोळा असूनही त्याच्या हाती माहिती अशी काही लागलीच नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 'होय' म्हणायचा उंबरठा. मिळवणाऱ्याला चांगली संधी हातची जाण्याची चुटपुट जास्त असते, म्हणून तो थोड्या खुणांवर होकार देतो. एखादी चुकीची वस्तू गळ्यात पडली तरी त्याला ते तितकं लागत नाही. जपणाऱ्याचं उलटं. संधी गेली तर गेली, पण चुकीची वस्तू घरात येता कामा नये. म्हणून त्याच्याकडे दहा चांगल्या गोष्टींची बेरीज एका वाईटाने फिटते. तुमच्या तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकाने शंभर प्रश्न विचारले म्हणता, त्यातल्या नव्वदांची उत्तरं तुम्ही चोख दिली असतील. एका प्रश्नावर तुम्ही "तसं काही होत नाही हो, काळजी करू नका" म्हणाला असणार. तो तिथेच मनाने उठला.

खानापूर भागात हा प्रश्न बहुधा माकडांचा असतो. "माकडांनी काचेची ट्यूब फोडली तर?" ह्यावर हसणारे सेल्समन मी बघितलेत. गिऱ्हाईक हसत नाही, त्याच्या कौलांची दरवर्षी वाट लागते. खरं उत्तर असं: साध्या ट्यूबच्या हीटरमध्ये पाणी ट्यूबमध्येच खेळतं, त्यामुळे एक ट्यूब फुटली तरी टाकीतलं पाणी उतरतं आणि ट्यूब बदलेपर्यंत हीटर बंद. पण ट्यूब सुटी बदलता येते, सगळं यंत्र बदलावं लागत नाही. एका ट्यूबची किंमत इतकी, आमच्याकडे शिल्लक असतात, माणूस अमुक दिवसांत येतो. जाळी हवी असेल तर तिचा खर्च एवढा. आणि हो, ट्यूब रिकाम्या असताना उन्हात तापल्या असतील तर दुपारी एकदम गार पाणी सोडू नका, काच तडकते. पाणी भरायचं ते सकाळी. हे सगळं ऐकून जपणारं गिऱ्हाईक पळून जाईल असं तुम्हाला वाटत असेल. ते उलट खुर्ची पुढे ओढतं. वाईट काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, हीच तर माहिती घ्यायला ते आलं होतं.

चौथा फरक भरवसा कशावर ठेवायचा ह्यातला. फाम आणि अवनेट यांच्या २००४ मधल्या प्रयोगांत, मिळवण्याकडे कल असताना लोकांनी जाहिरात बघून मनाला काय वाटलं त्यावर मत बनवलं. जपण्याकडे कल असताना जाहिरातीत नेमकं म्हटलंय काय, त्यावर. म्हणजे गुळगुळीत कागद आणि देखणा फोटो ह्यांचा खर्च एका गटासाठी वसूल होतो. दुसऱ्या गटासाठी तेच पैसे मजकूर नीट लिहून घेण्यात घालावेत.

आता कोणाचा कल कुठे, हे ओळखायचं कसं? काही माणसं स्वभावानेच एका बाजूची असतात, पण काउंटरवर स्वभाव ओळखत बसण्यात अर्थ नाही. प्रसंग ओळखा, तो जास्त बोलका असतो.

आपल्या भागात पहिला प्रसंग उसाच्या बिलाचा. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, सगळीकडे घराघराचं गणित कारखान्यावर चालतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात कधी मिळतात हे शेतकऱ्याला विचारा. बिल जमा झालं की तो शेतकरी दुकानात मिळवायला येतो, मोठा टीव्ही, नवी गाडी, घराला रंग. तोच माणूस जूनमध्ये पेरणी, खत आणि पोरांच्या फिया एकदम अंगावर आल्या की जपायला येतो, आणि त्याला 'शान वाढवा' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. निपाणीत तंबाखूच्या पैशाचंही असंच. वर्षभर एकच पत्रक वाटणारा दुकानदार अर्धं वर्ष चुकीच्या माणसाशी बोलत असतो.

दुसरा प्रसंग संकटानंतरचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच नद्या पात्राबाहेर आल्या. त्यानंतर नदीकाठच्या गावांत मोटारी, फ्रीज, इन्व्हर्टर घेणाऱ्यांचे प्रश्न बदलले. आधी 'किती एचपी, किती लिटर', नंतर 'किती उंचीवर बसवता येतं, पाण्यात बुडालं तर वॉरंटी चालते काय'. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते इथे साऱ्या गावाचं झालं. अशा गावात रंगीत फोटोचं पत्रक वाटणं हे पैसे पाण्यात घालणंच.

तिसरा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: बरोबर कोण आहे. जेनिफर आकर आणि अँजेला ली यांनी २००१ मध्ये द्राक्षाच्या रसाची माहिती दोन तऱ्हांनी लोकांपुढे ठेवली. एकीत रसाने अंगात जोम येतो असं, दुसरीत हृदयविकारासारखे धोके टळायला मदत होते असं. 'मी' म्हणून विचार करायला लावलेल्यांना पहिली जास्त पटली, 'आम्ही घरची माणसं' असा विचार करायला लावलेल्यांना दुसरी. आपल्याकडे हे रोज दिसतं. तरुण पोरगा शनिवारी एकटा दुचाकीवरून येतो तेव्हा हीटर किती लिटरचा ते विचारतो, रंग विचारतो, मोबाईलवर ॲप चालतं काय ते विचारतो. तोच रविवारी आई-वडिलांना घेऊन येतो तेव्हा त्याचाच आवाज बदलतो: "पप्पांना बटन कळंल काय? आईला चटका बसायला नको." तुम्ही शनिवारचं बोलणं रविवारी पुढे चालू ठेवलंत तर काम फिसकटतं. 'घरात विचारून सांगतो' म्हणून गेलेला माणूस घरी मिळवायच्या गोष्टी घेऊन जातो, आणि तिथे विचारले जातात जपायचे प्रश्न. त्याच्याकडे उत्तरं नसतात. म्हणून तो परत येत नाही. तुमच्या किमतीचा त्यात दोष असेलच असं नाही. जाताना त्याच्या हातात घरच्यांच्या प्रश्नांच्या उत्तरांचा एक कागद द्या, एवढंच म्हणतो.

त्या कागदाची भाषा कुठली, हाही आपल्या भागातला खास प्रश्न. घरातली पोरं कन्नड वाचतात, इंग्रजी वाचतात. आजी आणि बऱ्याच घरांत आईसुद्धा मराठीच वाचते. वॉरंटी कार्ड कंपनीकडून इंग्रजीत येतं. म्हणजे ज्या माणसाचा कल जपण्याकडे, त्याच्याच हातात न वाचता येणारा कागद पडतो, आणि न वाचता आलेली अट त्याला हमखास वाईटच वाटते. कार्डातल्या अटी साध्या मराठीत आणि साध्या कन्नडमध्ये एका पानावर लिहून घ्या. कंपनी देणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. हुक्केरी-गोकाककडचं गिऱ्हाईक आलं तर कन्नड बाजू वर ठेवून द्या.

फलकाचं वेगळं. कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीपासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. त्यावर सीमाभागात काय काय बोललं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. धंद्यापुरता अर्थ असा की उरलेल्या जागेत मराठीची एकच ओळ मावते. ती ओळ मिळवणाऱ्यासाठी ठेवा, कारण रस्त्यावरून जाताना थोड्या खुणांवर आत येणारा तोच असतो. 'पहाटे नळ सोडला की कडकडीत पाणी' ही तुमची ओळ झकास आहे, तीच लावा. जपणारा पाटी बघून येत नाही. तो शेजाऱ्याच्या गच्चीवर दोन पावसाळे काढलेला हीटर बघून येतो.

आता मजकूर लिहिण्याकडे. हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक गमतीचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांपुढे एक चांगला कप आणि एक साधं पेन ठेवलं. काहींना सांगितलं, निवडलंत तर काय मिळेल त्याचा विचार करा. काहींना सांगितलं, निवडलं नाहीत तर काय गमवाल त्याचा विचार करा. जवळजवळ सगळ्यांनी कपच निवडला. मग कपाची किंमत लावायला सांगितली. ज्यांचा मूळ कल आणि विचार करायला सांगितलेली रीत जुळली, त्यांनी त्याच कपाला जास्त किंमत लावली. वस्तू तीच, पण विचाराची वाट आपल्या कलाची निघाली की माणसाला 'बरोबर चाललंय' असं वाटतं, आणि ते वाटणं वस्तूच्या खात्यावर जमा होतं.

म्हणून नुसता विषय जुळवून भागत नाही, बोलण्याची चालही जुळावी लागते. जपण्याच्या वस्तूची जाहिरात मिळवण्याच्या आवाजात करणं, ही आपल्याकडची नेहमीची गफलत. 'तुमच्या बाळाच्या आरोग्यासाठी शुद्ध पाणी! धमाका ऑफर! शेवटचे दोन दिवस!! त्वरा करा!!!' बाळाचं आरोग्य जपायला निघालेली आई त्वरा करत नाही. घाई केली की तिला वास येतो. तिथे उद्गारचिन्हं काढा, वाक्यं शांत ठेवा, आकडे द्या, कुठला भाग किती महिन्यांनी बदलायचा ते लिहा. उलट, दिवाळीला बिलाचे पैसे खिशात घेऊन आलेल्या शेतकऱ्यापुढे अटींचं पान उघडून बसलात, तर त्याचा सगळा उत्साह मावळतो. त्याला गच्चीवर नेऊन चालू हीटरचं पाणी हातावर घ्यायला लावा. अटी पावतीच्या वेळी सांगा, पण सांगा.

तुमच्याच मालावर दोन तऱ्हा लिहून दाखवतो. दोन्ही खऱ्या आहेत.

मिळवणाऱ्यासाठी: 'पहाटे नळ सोडला की कडकडीत पाणी. बंब पेटवणं नाही, गॅसची वाट बघणं नाही. पाहुणे आले, सणाला घर भरलं, सगळ्यांची अंघोळ न्याहारीच्या आत.'

जपणाऱ्यासाठी: 'पावसाळ्यात ऊन नसताना पाणी तापत नाही, त्यासाठी टाकीत विजेची कॉइल आहे, ती वेगळ्या बटनावर चालते. पाणी जड असेल तर ट्यूबमध्ये क्षार धरतात, वर्षातून एकदा साफसफाई लागते. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड गंज स्वतःवर घेतो, तो झिजला की बदलायचा. ट्यूब, रॉड आणि वायसर आमच्या दुकानात मिळतात.'

दुसऱ्या मजकुरात मी काही विकतोय असं वाटतच नाही, आणि तिथेच त्याचं बळ आहे. त्यातही गावागणिक बदल करा. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यातल्या कॉइलची ओळ आधी, कारण तिथे जून ते सप्टेंबर ऊन दिसणं मुश्कील. अथणीकडे एखादा नातेवाईक माल मागत असेल तर क्षारांची ओळ आधी, तिकडे बोअरचं पाणी जड.

ह्या सगळ्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही हे जादूटोण्यासारखं वापराल. कल जुळण्याचा परिणाम माणूस किती लक्ष देऊन वाचतोय त्यावर अवलंबून असतो. वांग आणि ली यांच्या २००६ मधल्या कामात दिसलं की ज्यांना फारशी पडलेली नसते ते आपल्या कलाची माहिती तेवढी उचलतात आणि तीवर मत बनवतात. ज्यांना निर्णय महत्त्वाचा वाटतो ते दोन्ही बाजूंची माहिती वाचतात. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, पेटी, कॅसिओप्पो आणि शूमन यांनी रेझरच्या जाहिरातीवर हाच धडा दिला होता: वस्तू घ्यायचीच नसेल तर जाहिरातीत नामांकित खेळाडू असला की काम होतं, घ्यायची असेल तर मुद्दे दमदार लागतात. बसच्या खिडकीतून दिसणारी पाटी आणि काउंटरवर वाचला जाणारा कागद ह्यांतला फरक हाच. पाटीवर कल जुळवा. काउंटरवर कल जुळवून सुरुवात करा, पण पुढे माल आणि मुद्दा दमदार नसेल तर चाल जुळवल्याने काही साधत नाही. कमकुवत मुद्दा तिथे उलट जास्त उघडा पडतो.

आणि एक गोष्ट जराशी रागाने लिहितो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात जपणाऱ्या मनाला घाबरवून विकायची एक जुनी युक्ती आहे. दोन ग्लास, त्यांत विजेवर चालणाऱ्या धातूच्या कांड्या. तुमच्या नळाचं पाणी बघता बघता तपकिरी होतं, यंत्राचं तसंच राहतं. "बघा वहिनी, हे पिताय तुम्ही." तो तपकिरी गाळ बहुतांशी कांडीतल्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते; क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. साधे, प्यायला चांगले क्षार असले तरी हेच होईल. ही फसवणूक आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणाही. जपणारं गिऱ्हाईक बातमी जपून ठेवतं. पुढच्या महिन्यात त्याचा अकरावीतला पोरगा त्याला ती गंमत समजावून सांगतो, आणि मग तुमची टाकी, तुमची ट्यूब, तुमचा शब्द, सगळ्यावरच काट. त्यापेक्षा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावून आकडा दाखवा. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ह्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. खानापुरातल्या एखाद्या विहिरीचा आकडा शंभरच्या आसपास आला, तर त्या घराला क्षार काढणारं आरओ यंत्र कशाला हवं? गाळण आणि यूव्हीचं, म्हणजे किरणांनी जंतू मारणारं, स्वस्त यंत्र द्या. आरओ नको असं दुकानदारानेच सांगितलं, ही बातमीही ते गिऱ्हाईक तितकीच जपून ठेवतं.

काउंटरवरच्या पोराला तीन प्रश्न शिकवा. कुणासाठी घेताय? आधी काय वापरत होता? आत्ताच का बदलावंसं वाटलं? तिसऱ्याचं उत्तर सगळं सांगून जातं. "घर बांधलंय नवीन" म्हटलं की फोटो आणि गच्ची. "जळण भिजतंय, गेल्या पावसात आईला धुराचा त्रास झाला" म्हटलं की शांतपणे बसा, कॉइलचं बटन दाखवा, चटका बसू नये म्हणून मिक्सर नळ कसा बसवतात ते सांगा. पोराने मधे बोलू नये, हे शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ लागेल.

पत्रकाचं म्हणाल तर सोळा मुद्द्यांचं फाडा आणि दोन करा. एक दिवाळीच्या आसपास आणि वास्तुशांतीच्या हंगामात वाटायचं, पिवळ्या कागदावर, मोठा फोटो, दोन ओळी. दुसरं मेच्या शेवटाला, साध्या पांढऱ्या कागदावर, फोटो लहान, मजकूर दोन्ही भाषांत, आणि ते वाटायचं कमी, काउंटरवरून हातात द्यायचं जास्त. पत्रक घेऊन येणाऱ्याला पाईपफिटिंगमध्ये थोडी सूट ठेवा, म्हणजे ते कागद परत येतील. कुठल्या रंगाचा कागद आला, गिऱ्हाईक एकटं होतं का घरच्यांबरोबर, आणि त्याने पहिला प्रश्न कुठला विचारला, एवढं पावतीच्या मागे लिहून ठेवा. पावसाळा उलटला की तो गठ्ठा घेऊन बेळगावला या, बसून बघू. तोवर पाटीचं काम थांबवू नका, दिवाळीच्या आधी रंगाऱ्याकडे नंबर लागत नाही.